कर्णबधिर रुग्ण ओपीडीत आला की

पहिला घोळ होतो तो नंबरपाशी. नावाचा पुकारा रुग्णाला ऐकूच जात नाही, मागचे चार जण आत जाऊन येतात आणि तो बाकड्यावर बसून राहतो. म्हणून केसपेपर काढतानाच वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहा : 'कर्णबधिर, सांकेतिक भाषा'. नंबर आला की समोर जाऊन हात हलवा. हाच शेरा लॅबच्या आणि एक्स-रेच्या कागदावरही टाका. ड्युटी बदलली की तोंडी निरोप हरवतो.

'ओठ वाचतील की!' असं म्हणणाऱ्यांनी आरशासमोर 'पोट' आणि 'बोट' म्हणून बघावं. ओठ सारखेच हलतात. मास्क असेल तर तेही दिसत नाहीत.

लिहून दाखवणंही नेहमी पुरत नाही. ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्यांच्यापैकी अनेकांना लिखित मराठी परकी वाटते. 'उपाशीपोटी' लिहिण्यापेक्षा रिकामी थाळी काढा, शेजारी गोळी, वर उगवता सूर्य.

दुभाष्या हवाच, आणि तो रुग्णाचा दहा वर्षांचा मुलगा नको. पाळी, गर्भपात, कर्करोग हे मुलाच्या हातून आईला सांगायचं? दुभाष्याला डॉक्टरांच्या शेजारी, किंचित मागे बसवा. बोलताना नजर रुग्णाकडे. 'त्यांना विचारा' नको, 'तुम्हाला कधीपासून दुखतंय?' असं थेट. व्हिडिओ कॉल असेल तर फोन स्टँडवर ठेवा, कारण बोलायला रुग्णाला हात मोकळे लागतात. खिडकी पाठीमागे आली तर चेहरा काळा दिसतो.

सलाईन लावताना तर हमखास विसर पडतो. उजव्या हाताने खुणा करणाऱ्याच्या उजव्या मनगटात सुई खुपसली, की त्याचं बोलणंच अडखळतं. दुसरा हात निवडा, आणि जमलं तर मनगट सोडून कोपराखालची शीर. ऑपरेशनची संमती चष्मा काढण्याआधी घ्या. एक्स-रेला 'श्वास धरा' ऐकू येणार नाही. तळहात वर म्हणजे धरा, खाली म्हणजे सोडा, हे खोलीत नेण्यापूर्वीच ठरवा. एमआरआयपूर्वी कानाचं यंत्र काढायला सांगा आणि कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) आहे का ते विचारा; त्यात चुंबक असतं.

'समजलं का?' विचारलं की बहुतेक जण मान डोलावतात. त्याऐवजी गोळ्यांची स्ट्रिप हातात द्या आणि कधी, किती घेणार ते रुग्णालाच दाखवू द्या. चूक तिथेच सापडते.

आणि निघताना 'रिपोर्ट आला की फोन करू' म्हणू नका. व्हॉट्सॲप नंबर घ्या.