फाशाच्या खेळातून शिकवा एकक, दशक, शतक

तिसरीतली मुलं एकक-दशक-शतकाचे तक्ते भराभर भरतात. पण '४२६ मधल्या ४ ची किंमत किती?' असं विचारलं की बरीच जण 'चार' म्हणतात. हा गुंता सोडवायला एक फासा, पाट्या आणि खडू पुरतात.

१. प्रत्येकाला पाटीवर शेजारी शेजारी तीन चौकटी आखायला सांगा. वर श, द, ए लिहून घ्या.

२. फासा टाका, आकडा मोठ्याने सांगा. तो प्रत्येकाने लगेच हव्या त्या चौकटीत लिहायचा. एकदा लिहिला की खोडायचा नाही. हा नियम सैल सोडू नका, मुलं विचार करतात ती याच्यामुळे. असं तीनदा करा. सर्वांत मोठी संख्या जिंकली.

३. आता पाट्या वर करायला लावा आणि इथे अजिबात घाई करू नका. समजा ४, २, ६ पडले. कुणाचे ४२६ झाले, कुणाचे २४६, एखादीचे ६४२. आकडे सगळ्यांना तेच मिळाले, मग फरक कशाने पडला? ४२६ वाल्याला विचारा, 'तुझा ६ कितीचा?' सहाचा. आणि तिचा? सहाशेचा. हे मुलांच्याच तोंडून येऊ द्या. मग विचारा, पहिलाच ४ पडला तर तो शतकात ठेवायचा का? पुढच्या दोन फेकींत निदान एकदा ५ किंवा ६ येण्याची शक्यता ३६ पैकी २०, म्हणजे शतक राखून ठेवणं थोडं फायद्याचं. 'आणि नाहीच आला तर?' हा वाद रंगू द्या.

४. जिंकणाऱ्याने संख्या वाचून दाखवायची. 'बेचाळीस'मध्ये दोन आधी ऐकू येतो, म्हणून काही मुलं २४ लिहितात. संख्यावाचन सोपं व्हावं म्हणून २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं आणि वादही झाला. मला विचाराल तर 'चाळीस दोन, बेचाळीस' असं दोन्ही म्हणून घ्यावं.

५. खेळ सरावाचा झाला की फाशाऐवजी ० ते ९ च्या चिठ्ठ्या घ्या आणि सर्वांत लहान संख्येला जिंकवा. चारशे पाच हे '४००५' लिहिणाऱ्यांना शून्याची जागा इथे उमगू लागते.

हरलेल्याला आउट मात्र करू नका. ज्याला सराव हवा, नेमका तोच बाहेर बसतो.

दुसऱ्या दिवशी खेळाविना तपासा. फळ्यावर ५, १, ३ लिहा, मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करायला सांगा आणि दोन्हींत ५ ची किंमत विचारा.