काळ्या मातीत डेलिली: उन्हापेक्षा पावसापासून जपा

नागपूरच्या बागेत डेलिली हे फुलझाड मरतं ते बहुधा उन्हाने नाही, पावसाळ्यात. काळी माती पाणी धरून ठेवते आणि पानं-मुळं जुळतात तो गळा कुजतो. म्हणून खरं काम लागवडीच्याच दिवशी.

आधी रोप ओळखा. नर्सरीत 'लिली' मागितली की रेन लिली किंवा स्पायडर लिली हातात पडते. त्यांना कांदा असतो. डेलिलीला कांदा नाही. खाली शतावरीसारख्या जाड मुळ्यांचा झुपका, वर पंख्यासारखी दोन बाजूंना निघालेली पानं. हिवाळ्यात पानं झडणाऱ्या जातींना कडक थंडी लागते, ती इथे कुठली? वर्षभर हिरवी राहणारीच घ्या. गडद लाल फुलं दुपारच्या उन्हात करपतात. पिवळी बरी टिकतात.

दिवाळीच्या आसपास लावा. वाफा जमिनीपेक्षा 6 ते 8 इंच उंच हवा. दोन घमेली मातीला एक घमेलं रेती, एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. खड्ड्यात मधोमध मातीचा उंचवटा करून मुळ्या त्यावरून चहूकडे सोडा. पानांच्या बुडाशी फिकट पांढरा पट्टा दिसेल. रोप आधी तेवढंच मातीत होतं, आताही तेवढंच ठेवा. गळ्यावर इंचभरापेक्षा जास्त माती नको. खोल गेलं की पानं माजतात, फूल येत नाही. दोन रोपांत दीड फूट अंतर. 12 इंची कुंडीत एकच रोप.

फूल एका दिवसाचंच असतं, पण एका दांड्यावर कळ्या बऱ्याच येतात. दांडा दिसल्यावर पाणी तुटलं तर त्या गळतात. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी हिरवी नेट बांधा, बुडाशी दोन इंच तणस (धानाचा वाळका पेंढा) पसरा, गळ्यापासून दोन बोटं लांब. पाऊस लागला की तणस काढून टाका.

फुलंच नाहीत? सहा तास ऊन मिळतं का, युरिया जास्त झाला का, ते पाहा. तीन-चार वर्षांचा गच्च झुपका असेल तर उपटून दोन-तीन पानपंख्यांचे भाग करून लावा.

पानामागून पांढरा कागद फिरवल्यावर नारिंगी पूड लागली तर तो तांबेरा, बुरशीचा रोग. ती पानं कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको; पाणी पानांवरून नाही, बुडाशी द्या.

घरात मांजर असेल तर मात्र हे झाड लावूच नका. डेलिली खाल्ल्याने मांजराचे मूत्रपिंड निकामी होते.