मागच्या चाकांना मोठी डिस्क बसवताना

मोटारीच्या मागच्या चाकांना मोठी डिस्क, म्हणजे ब्रेक लावण्यासाठी चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, बसवण्याचे काम घरच्या अंगणात करता येते. योग्य सुटे भाग हाताशी असतील, तर त्यात ब्रेक ऑइलची नळी सोडावी लागत नाही आणि पान्याची सवय असलेल्या माणसाला ते एका दिवसात जमते. पुढे जे लिहिले आहे ते मागे मुळातच डिस्क ब्रेक असलेल्या गाड्यांसाठी आहे. ड्रम काढून डिस्क बसवणे हे वेगळे आणि बरेच जोखमीचे काम असून ते घरी करू नये, असे माझे मत आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्यामुळे या शहराच्या आणि जालन्याच्या परिसरात जुन्या ऑक्टाव्हिया आणि लॉरा पुष्कळ दिसतात. माझी गाडीही लॉराच आहे आणि खालील कामाचा क्रम तिच्यावरच ठरलेला आहे.

मोठ्या डिस्कने नेमके काय साधते, हे आधी समजून घेतले पाहिजे. जात्याचा खुंटा मध्याजवळ असेल तर जाते ओढायला जड जाते आणि कडेला असेल तर हलके जाते. डिस्कचेही तसेच आहे. पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या घर्षणाच्या पट्ट्या, मध्यापासून जितके दूर दाबले जातील, तितका त्याच दाबात चाकाला जास्त रोध मिळतो. समजा २६० मिलिमीटर व्यासाच्या जागी २८६ मिलिमीटरची डिस्क बसवली आणि पॅडची उंची सुमारे ४४ मिलिमीटर धरली, तर पॅडच्या मध्यापर्यंतची त्रिज्या १०८ वरून १२१ मिलिमीटर होते, म्हणजे मागच्या ब्रेकची ताकद सुमारे १२ टक्क्यांनी वाढते. मात्र एवढ्यावरून गाडी कमी अंतरात थांबेल असे समजू नये. मूळ ब्रेक चाके जाम करू शकत असतील, तर थांबण्याचे अंतर टायर आणि रस्ता ठरवतात, डिस्क नव्हे.

खरा फायदा उष्णतेचा आहे. १४०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे ५४० किलोज्यूल उष्णता तयार होते; एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी उकळीला येईल. घाटात तर दर १०० मीटर उतरण्यामागे त्याच्या अडीचपट ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. इंजिन आणि हवा त्यातला काही भाग घेतात, बाकीची डिस्कमध्ये जाते. कन्नडहून औट्रम घाटाने चाळीसगावकडे चौघे जण आणि सामान घेऊन वैशाखात उतरताना पेडल हळूहळू जड होत गेल्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला डिस्कमधल्या जास्तीच्या लोखंडाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जोरात ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. अशा वेळी मागची चाके आधी जाम झाली, तर गाडी सरळ राहत नाही, मागून घसरून आडवी फिरते. म्हणूनच कारखान्यात पुढचे ब्रेक मुद्दाम जास्त ताकदीचे ठेवलेले असतात. ज्याने पुढे आधीच मोठ्या डिस्क बसवल्या आहेत, त्याने तोल राखण्यासाठी त्याच प्रमाणात मागच्या डिस्क वाढवणे योग्य आहे. पुढचे ब्रेक मूळचेच असताना केवळ अलॉय चाकातून डिस्क भरलेली दिसावी म्हणून मागे वाढवणे मला धोक्याचे वाटते. चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आहे म्हणून चालून जाईल, हा युक्तिवादही मी मान्य करणार नाही, कारण ती यंत्रणा मूळच्या प्रमाणावर बेतलेली असते. पुढचे काहीच बदललेले नसेल, तर चांगले पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल यांनीच बहुतेकांचे काम भागते.

डिस्क निवडताना त्याच मॉडेलच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीत कारखान्याने वापरलेली डिस्क आणि तिचेच कॅरिअर घ्यावे. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग आणि कॅरिअर म्हणजे त्याला धरून ठेवणारा बिडाचा कंस. मोठ्या डिस्कसाठी तो कॅलिपरला बाहेरच्या बाजूस सरकवतो. डिस्कची जाडी, मधल्या भोकाचा व्यास आणि बोल्टची रचना जुळते का, हे मोजून पाहावे. एमआयडीसीतल्या लेथवर पट्टी कापून असा कंस करून देणारे कारागीर मिळतात आणि त्यांचा हात खरोखर चांगला असतो, पण वेल्डिंग केलेल्या कंसावर हजारो वेळा पडणाऱ्या झटक्यांची चाचणी कोणी घेतलेली नसते. माझ्या ओळखीच्या एका गाडीत अशा कंसाला सहा महिन्यांत तडा गेलेला मी पाहिला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांशी विसंगत ठरतील असे फेरफार करण्यास मनाई आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

चाकाच्या आत जागा आहे का, हे पुठ्ठ्याचा साचा कापून तपासावे. रिमला आतून चिकटवलेली वजने कॅलिपरला घासतात, याकडे लक्ष द्यावे. हीच तपासणी स्टेपनीचीही करावी. स्टेपनी लहान रिमची असेल आणि ती मोठ्या डिस्कवर बसत नसेल, तर ते रात्री रस्त्यात चाक पंक्चर झाल्यावर कळण्यात अर्थ नाही.

काम सकाळी, ऊन चढण्याआधी सुरू करावे. काळ्या मातीवर जॅक लावू नये. माती वरून टणक दिसली तरी भाराखाली खचते. शहाबादी फरशीही एका बिंदूवर भार आला की फुटते, त्यामुळे जॅक आणि घोड्या (उचललेली गाडी टेकवण्याचे स्टँड) या दोन्हींखाली जाड लाकडी फळी घालावी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि हातब्रेक सोडावा. गाडी घोड्यांवर नीट बसल्याशिवाय हात आत घालू नये.

चाक काढल्यावर हातब्रेकची केबल कॅलिपरवरून सोडवावी, कॅलिपरचे दोन बोल्ट काढावेत आणि कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगून ठेवावा. तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, कारण नळी आतून चिरली तर बाहेरून दिसत नाही. नंतर जुने कॅरिअर सोडवावे. त्याच्या बोल्टना बऱ्याच गाड्यांत बारा कोनी स्प्लाइनचा बिट लागतो. तो बिट हातोडीने ठोकून तळापर्यंत बसवावा, अन्यथा बोल्टचे डोके खराब होते. हे बोल्ट ताणले जाणारे असतील, तर ते पुन्हा वापरू नयेत, नवेच घ्यावेत. डिस्कचा छोटा स्क्रू गंजलेला असेल, तर त्यावर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे.

यानंतरच्या एका पायरीला लोक पाच मिनिटे देतात, मी अर्धा तास देतो. हबचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा, पृष्ठभाग तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने इतका साफ करावा की बोटाला कुठेही खडबडीतपणा लागू नये. तिथे गंजाचा बारीक कणही राहिला, तर डिस्कच्या कडेला तो कित्येक पटींनी वाढून जाणवतो आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबताना थरथर सुरू होते. लोक तेव्हा डिस्कला दोष देतात. डायल गेज (डोलणे मोजणारे यंत्र) मिळाल्यास डिस्क बोल्टने आवळून ती फिरवून पाहावी; ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त डोलत असेल, तर काढून पुन्हा साफ करून बसवावी. नव्या डिस्कवरचे तेल ब्रेक क्लीनरने पुसावे. मागचा धूळ अडवणारा पत्रा डिस्कला लागत असेल, तर मोठ्या डिस्कचाच पत्रा घ्यावा.

मागच्या कॅलिपरमध्ये हातब्रेकची यंत्रणा असेल, तर पिस्टन, म्हणजे पॅडला ढकलणारा दट्ट्या, नुसता दाबून आत जात नाही. तो दाबत दाबत फिरवावा लागतो आणि त्यासाठी खास हत्यार मिळते. सी क्लॅम्पने जोर लावला तर आतली यंत्रणा मोडते. इलेक्ट्रॉनिक हातब्रेक असलेल्या गाडीत आधी स्कॅनरने तो सर्व्हिस मोडमध्ये न्यावा. पिस्टन आत जाताना टाकीतले ऑइल वर चढते, म्हणून ते आधी थोडे काढून घ्यावे. रंगावर सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनची स्थिती आपल्या भागात विशेष पाहावी. उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातला चिखल फाटक्या रबरातून आत गेला की पिन अडकते आणि एकच पॅड झिजतो. रबर बदलावे आणि पिनला सिलिकॉनचे ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. कॅरिअर आणि कॅलिपरचे बोल्ट गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे टॉर्क पान्यानेच, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच, आवळावेत.

ऑइल दोन वर्षांपेक्षा जुने असेल, तर याच वेळी बदलून नळ्यांतली हवा काढून घ्यावी. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण हवेतली आर्द्रता शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि मग मोठ्या डिस्कचा घाटात काही उपयोग राहत नाही.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत वारंवार दाबावे. ही गोष्ट विसरली, तर पहिल्या वळणावर पाय थेट तळाला जातो. हातब्रेकची केबल जोडल्यावर दोन्ही कॅलिपरचे लिव्हर मूळ थांब्यावर टेकतात का ते पाहावे. नंतर पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसावेत म्हणून सकाळी मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० किलोमीटरपर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवावा, पूर्ण थांबू नये आणि मध्ये डिस्कला निवू द्यावे. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात, म्हणून उजाडल्यावरच निघावे. शेवटी डिस्क थंड होईपर्यंत हातब्रेक ओढू नये.

साधारण १०० किलोमीटरनंतर चाकांचे बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत. पहिला घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरावा आणि पायथ्याशी, रस्त्यापासून दूर थांबून, दोन्ही मागच्या डिस्कचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे. त्यात मोठा फरक आढळला, तर जास्त तापलेल्या बाजूची पिन किंवा हातब्रेकची केबल अडकली आहे का, हे घरी आल्यावर त्याच दिवशी उघडून पाहावे.