टोमॅटो-मिरचीचं बी कशात टाकायचं? काळ्या मातीत तर नकोच

पावसाळा जवळ आला की टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं घरीच करू म्हणून बरेच जण शेतातली काळी माती ट्रेमध्ये भरतात, वर मूठभर शेणखत, आणि उगवण झाली नाही की बियाणं खराब निघालं म्हणतात. बियाण्याचा दोष दरवेळी नसतो हो. काळी माती शेतात सोन्यासारखीच, पण ट्रेच्या एवढ्याशा खळग्यात ती पाणी धरून बसते आणि वाळली की टणक होते, मिरचीचा नाजूक कोंब त्यातून वर येणार कसा?

बी उगवायला लागणारं अन्न बियातच असतं, त्यामुळे सुरुवातीला खताची घाई नको, त्याला हवी ओल, हवा आणि स्वच्छता. माझं मिश्रण साधं, 3 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबलेल्या विटेच्या रूपात मिळतो), 1 भाग चाळलेलं गांडूळखत. परलाइट (मिश्रण भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) मिळालं तर थोडं घाला, नाही मिळालं तरी काही अडत नाही.

कोकोपीटमध्ये क्षार असतात, स्वस्तातल्या विटेत तर जास्तच, म्हणून पाकिटावर लो ईसी (म्हणजे क्षार कमी) लिहिलेलं असलं तरी वीट भिजवून, पिळून, पाणी फेकून, परत भिजवून असं दोन-तीनदा धुवाच. मग मिश्रण मुठीत घट्ट दाबून बघा, एखाददुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर ते जास्त ओलं आहे, थोडं पसरून ठेवा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे आणि बोट लावलं की सुटला पाहिजे.

अर्धवट कुजलेलं शेणखत अजिबात नको, ते तापतं आणि त्यातून मुळं खाणाऱ्या हुमणीची अंडी, अळ्यासुद्धा येतात. छान उगवलेली रोपं अचानक मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात ना, ती मर, पिथियमसारख्या बुरशीमुळे होते आणि सतत चिखल राहिला की जास्तच. मिश्रणात थोडं ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा, ट्रेला खाली भोकं असूद्यात, पाणी वरचा थर जरा सुकल्यावरच.

पहिली दोन पानं बियातली, त्यानंतरची खरी. खरी पानं दिसली की कोकोपीटमध्ये खायला फारसं काही नसतं म्हणून पातळ व्हर्मीवॉश (गांडूळखतातून झिरपवून काढलेलं पाणी) सुरू करा. मुळा, गाजर, मेथीसाठी हा खटाटोप नकोच, ते सरळ वाफ्यातच टाका.