लग्नाच्या फोटोंचे वापरहक्क आणि त्यांचे दर: सराईआधीची तयारी

तुळशीचं लग्न लागलं की ऑर्डरींची बोलणी सुरू होतात, आणि एकदा सराई अंगावर आली की करार नीट वाचायला ना पार्टीला वेळ असतो ना स्टुडिओला. म्हणून कराराचा मसुदा, वापराचं दरपत्रक आणि वधूवरांचं संमतिपत्र हे तिन्ही कागद दिवाळीच्या आत तयार ठेवा.

आधी मालकीचं पक्कं करा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक काम सांगणारा असतो. कोपऱ्यात स्टुडिओचं नाव उमटवल्याने यात काही बदलत नाही. नेटवरून उतरवलेले अमेरिकन करारनामे इथेच दगा देतात. तिकडे स्वतंत्र छायाचित्रकार आपोआप मालक असतो, त्यामुळे त्या मसुद्यांत मालकीचं वाक्य पुष्कळदा ओझरतंच येतं. आपल्याकडे ते ठळकपणे लिहावं लागतं: ‘या कामातील सर्व फोटो व व्हिडिओंचा कॉपीराइट स्टुडिओकडे राहील.’ त्याखाली तारीख आणि सही, आणि हे सगळं ॲडव्हान्स घेण्याच्या आधी.

सही कुणाची, हेही आधीच ठरवा. बऱ्याच लग्नांत ऑर्डर मुलीचे वडील देतात, फोटो मात्र वधूवरांचे असतात. शिवाय दोन्ही पक्ष आपापला फोटोग्राफर आणतात. करारावर ऑर्डर देणाऱ्याची सही घ्या आणि संमतिपत्रावर वधू आणि वर दोघांचीही. एकाची सही दोघांना पुरत नाही. सेकंड शूटर, म्हणजे जोडीचा दुसरा फोटोग्राफर, बाहेरून बोलावणार असाल तर त्याच्याकडूनही हक्क लेखी घ्या, नाहीतर हळदीचा सगळ्यात देखणा फोटो नेमका त्याचा निघतो आणि तो कुणाचा यावर वाद होतो.

घरगुती वापर पॅकेजच्याच दरात द्या, आणि त्यात काय काय येतं ते नावानिशी लिहा: अल्बम, फ्रेम, नातेवाइकांना पाठवणं, स्वतःच्या खात्यावर टाकणं, धन्यवादाचं कार्ड. या गोष्टींसाठी वेगळे पैसे मागू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घरचं कार्य आहे त्यांना आपलेच फोटो छापायला परवानगी मागावी लागू नये. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, संस्कार न केलेल्या फाइली, द्यायच्या की नाहीत हा मुद्दा वेगळा आहे. तो हक्कांच्या कलमात मिसळला की दोन्हींचा घोळ होतो, म्हणून त्याला स्वतंत्र ओळ ठेवा.

दर लागतो तो धंद्यासाठी होणाऱ्या वापराला. मागणारे ठरलेले असतात: मंडप सजवणारे, मेकअप आर्टिस्ट, केटरर, मंगल कार्यालय किंवा गोव्याचं रिसॉर्ट, पैठणीचं दुकान, सराफ. यांपैकी मेकअप आर्टिस्ट आणि मंडपवाल्यांनी त्या दिवशी स्वतः राबून काम केलेलं असतं. त्यांना वधूवरांच्या संमतीने सोशल मीडियापुरते पाच-सहा फोटो नाव देण्याच्या अटीवर फुकट दिले तर पुढची ऑर्डर त्यांच्याकडूनच येते. जाहिरातीत, कॅटलॉगमध्ये किंवा होर्डिंगवर वापरायचे असतील तर पैसे.

आकडा मनात येईल तसा सांगू नका, त्याला पाया ठेवा. एक पद्धत अशी: आपल्या एका दिवसाच्या दराचे 10 टक्के म्हणजे एका फोटोचा, एका शहरातल्या, एका वर्षाच्या, फक्त वेबसाइट आणि सोशल मीडियावरच्या वापराचा आधारदर. माध्यम, मुदत, प्रदेश आणि मक्तेदारी यांप्रमाणे त्याला पटी लावायच्या. उदाहरण घ्या. दिवसाचा दर 40,000 रुपये, म्हणजे आधारदर 4,000. एका सराफाला वधूच्या गळ्यातल्या तन्मणीचा एक फोटो पुणे आणि नाशिकमध्ये होर्डिंगवर सहा महिने हवा आहे, आणि तो दुसऱ्या कुठल्याही दागिन्यांच्या दुकानाला द्यायचा नाही. होर्डिंगची पट 3, म्हणजे 12,000. वर्षाऐवजी सहा महिने असल्यामुळे 0.7, म्हणजे 8,400. दोन शहरं म्हणून 1.5, म्हणजे 12,600. दागिन्यांच्या धंद्यापुरती मक्तेदारी म्हणून दुप्पट, म्हणजे 25,200. जीएसटीची नोंदणी असेल तर 18 टक्के, म्हणजे 4,536 वर, एकूण 29,736 रुपये. पटी तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण कोटेशनमध्ये हे टप्पे दिसू द्या. मुदत लांबण्याची गोष्ट निघाली की नुसती 0.7 ची पट बदलायची असते, घासाघीस पहिल्यापासून सुरू होत नाही.

सहा महिने मुद्दाम निम्म्यात बसवलेले नाहीत. होर्डिंग लोकांच्या डोळ्यात भरतं ते पहिल्या काही आठवड्यांत, आणि ते उतरल्यावर तो चेहरा दुसऱ्या जाहिरातीला लगेच चालत नाही.

या रकमेतला वाटा वधूवरांनाही द्यावा. चेहरा त्यांचा आहे, आणि भर चौकात वीस फुटांवर तो दिसणार आहे. जीएसटी वगळून उरलेल्या रकमेचा अर्धा भाग हे आम्हाला न्याय्य वाटतं. संमतिपत्रात दुकानाचा प्रकार, माध्यम आणि मुदत लिहून प्रत्येक वेळी नवी सही घ्या. ‘जाहिरातीसाठी हरकत नाही’ अशी एकदाच घेतलेली मोघम ओळ पुढे भांडणाचं मूळ ठरते. ती दोघं नाही म्हणाली तर सौदा तिथेच सोडा. फ्रेममध्ये लहान मूल किंवा पाहुणे ओळखू येत असतील तर त्यांची किंवा पालकांची संमती घ्या, नाहीतर ती फ्रेम बाजूला ठेवा.

दुकानदाराला द्यायच्या परवानगीपत्रात एकही रकाना कोरा सोडू नका. त्याच कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्कांच्या हस्तांतरात मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. अशा वापराच्या परवान्यांनाही हेच लागू होतं. म्हणजे सहा महिन्यांचे पैसे घेऊन कोऱ्या रकान्यापायी 5 वर्षं देऊन बसायचं. फोटोचा फाइल नंबर लिहा, कापाकापीला आणि रंग बदलायला परवानगी आहे का ते लिहा, आणि तोच फोटो दुसऱ्या शाखेला किंवा एजन्सीला पुढे देता येणार नाही हेही लिहा.

एखादी पार्टी पूर्ण कॉपीराइटच मागते, बहुतेकदा खासगीपणा जपण्यासाठी. तेव्हा आधी विचारा की नेमकं काय नको आहे. स्टुडिओने फोटो कुठेही टाकू नयेत एवढंच हवं असेल, तर तशी अट मोफत किंवा थोड्या रकमेत देता येते. खरोखर हस्तांतर हवं असेल तर पॅकेजच्या निम्म्यापासून पुढे दर सांगा, कारण पुढची कमाई आणि दाखवायचे नमुने दोन्ही जातात. हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच करावं लागतं. त्यानंतरही कलम 57 प्रमाणे, हे फोटो मी काढले असं सांगण्याचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो.

व्हिडिओ विकताना पार्श्वसंगीत तपासा. हळदीच्या क्लिपवर सिनेमाचं गाणं असेल तर त्याचे हक्क तुमच्याकडे नाहीत, त्यामुळे ते पुढे विकताही येत नाहीत. बिनगाण्याची प्रत वेगळी काढून ठेवा.

फाइली देताना दोन संच करा. सोशल मीडियासाठी लांब बाजू 2048 पिक्सेल, आणि रंग एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत. छपाईची पूर्ण आकाराची फाइल फक्त घरच्यांना, आणि पैसे भरलेल्या दुकानाला त्याच्या एकाच फोटोची. मंडपवाल्याला पूर्ण संच पेनड्राइव्हवर गेला की पुढचे दर कागदावरच राहतात. लाइटरूम या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमधून काढतानाच मेटाडेटात, म्हणजे फाइलच्या आत साठवल्या जाणाऱ्या माहितीत, नाव, वर्ष आणि ‘फक्त घरगुती वापर’ हे भरा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती पुसली जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पेनड्राइव्हच्या डबीत अक्षता आणि सुपारीशेजारी हक्कांची एक पानी चिठ्ठी मराठीत ठेवा: काय करता येईल, कशासाठी फोन करावा, आणि स्टुडिओचा नंबर.

शेवटी एका वहीत किंवा शीटमध्ये दिलेल्या प्रत्येक परवान्याची फाइल, दुकान, माध्यम आणि संपण्याची तारीख नोंदवा, आणि त्या तारखेच्या 15 दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावा. दुकानदार मुदत विसरतो ती बहुधा मुद्दाम नसते. एका फोनवर नूतनीकरणाचे पैसे येतात किंवा होर्डिंग उतरतं.