व्हेनिसचं हॉटेल आणि मेस्त्रेचं स्टेशन

व्हेनिसमध्ये स्वस्तात हॉटेल मिळालं म्हणून मी खुशीत होतो. नकाशा उघडला तर ते तेस्सेराला, विमानतळाजवळ! पत्त्यातलं 'व्हेनिस' खोटं नव्हतं, महापालिका एकच. पण आपल्याला बघायचं ते बेटांवरचं व्हेनिस खाडीपलीकडे. आईला घेऊन रोज बसची वाट बघायची? नको.

ऐन बेटावरचे दर बघून डोळे पांढरे झाले. शिवाय तिथे गाड्या नाहीत, पुलांना पायऱ्या, बॅगा आपणच उचलायच्या. मग पहिलं बुकिंग मुदतीत रद्द केलं (फुकट रद्द होणारा दर घेतला होता, नशीब) आणि मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसच्याच मुख्य भूमीवरच्या भागात, स्टेशनपासून पाच मिनिटांवर खोली घेतली. तिथून बेटावरचं सांता लुचिया स्टेशन ट्रेनने दहा-बारा मिनिटं. बाहेर पडलं की समोर थेट ग्रँड कॅनाल. आई तर स्टेशनच्या पायऱ्यांवरच बसून राहिली.

या वेळी शोधताना 'शहराच्या मध्यापासून अंतर' बघितलंच नाही. स्टेशनपासून चालत किती, एवढंच.

एक राहिलं: शहराचा पर्यटक-कर माणशी, दर रात्रीचा, हॉटेलात वेगळा द्यावा लागला. तो बुकिंगच्या रकमेत धरला नव्हता.