शहराच्या मधोमध शॉपिंग कॉम्प्लेक्स येतंय? आधी तळमजल्याचा नकाशा बघा

जुन्या बाजारपेठेत नवीन कॉम्प्लेक्स येणार म्हटलं की सगळे त्या चकचकीत चित्राकडे बघत बसतात, काच, झाडं, हसणारी माणसं. ते ठेवा बाजूला आणि तळमजल्याचा नकाशा मागा, कारण आजूबाजूचा भाग जगणार की नाही ते तिथेच ठरतं.

पेन्सिल घ्या. रस्त्याकडे उघडणाऱ्या प्रत्येक दारावर एक टिंब आणि सलग भिंत असेल तिथे जाड रेघ, असं चारी बाजूंनी करा. समोर टिंबंच टिंबं आणि मागच्या गल्लीला नुसती रेघ, त्यातच पार्किंगचा रॅम्प आणि माल उतरवायची जागा, असं दिसलं तर त्या गल्लीतल्या दुकानदारांचं काही खरं नाही, तिथून पायी कोण जाणार? लोक गाडीने थेट बेसमेंटला, लिफ्टने वर, खरेदी झाली की तसेच घरी, म्हणजे आत गर्दी आणि बाहेरचा फुटपाथ ओस.

अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहराचं हॉर्टन प्लाझा हे शॉपिंग सेंटर 1985 ला उघडलं, रंगीबेरंगी, सुरुवातीला तुफान चाललं, शेजारच्या गॅसलॅम्प या जुन्या भागाला सावरायला त्याचा हातभारही लागला, पण त्याचं तोंड सगळं आतल्या बाजूला. पुढे मोठी दुकानं निघून गेली तसं ते रिकामं होत गेलं आणि शेवटी त्याची ऑफिसं करायला घेतली. उलट इंग्लंडच्या लिव्हरपूल शहरातलं 2008 चं लिव्हरपूल वन हे शॉपिंग सेंटर बघा, सुमारे 42 एकर, पण छपराखालचा एक बंद डबा नाही, उघडे रस्तेच आहेत आणि ते जुन्या रस्त्यांना जोडलेत, काही घ्यायचं नसलं तरी माणूस त्यातून चालत गोदीकडे जातो. मला हा फरक फार मोठा वाटतो.

म्हणून विचाराच, रात्री शटर पडल्यावर मधून जायची वाट उघडी राहणार का? तोंडी आश्वासन नको, परवानगीच्या कागदात लिहून मागा. वरच्या मजल्यांवर घरं असतील तर उत्तम, दुकानं मिटल्यावरही खिडक्यांत दिवे असतात आणि रस्त्यावर जाग राहते.

आणि जुने दुकानदार! बांधकाम चालू असताना ते कुठे बसणार, परत आल्यावर गाळा कुठल्या मजल्यावर, भाडं किती, हे नक्की विचारा. आयुष्यभर रस्त्यावर धंदा केलेल्या माणसाला दुसऱ्या मजल्यावर मागच्या कोपऱ्यात गाळा दिला तर कागदावर पुनर्वसन होतं, पण गिऱ्हाईक तिथवर चढून येत नाही.

हरकती-सूचनांची मुदत बघून ठेवा आणि त्याच्या आत टिंबं-रेघा मारलेल्या नकाशाची झेरॉक्स अर्जाला जोडून द्या, पोच घ्यायला विसरू नका.